तासातासाला अडकणारं नेट : एका लॅपटॉपचं प्रकरण

"ताई, पुन्हा गेलं. रेंज फुल दाखवतंय आणि मला कुणाचाच आवाज येत नाहीये."

माझी धाकटी बहीण दुभाषी आहे. घरून काम करते आणि तिचा बहुतेक दिवस व्हिडिओ बैठकांत जातो. एका भाषेत ऐकायचं, लगेच दुसऱ्या भाषेत बोलायचं. इतरांचं नेट अर्धा मिनिट अडकलं तर "जरा परत सांगता का?" म्हणून निभावतं. दुभाष्याला ऐकू आलं नाही की बैठकीच्या दोन्ही बाजू एकदम मुक्या होतात. सलग तीन आठवडे रोज चार-पाच वेळा हे होत राहिलं तेव्हा ती रडकुंडीला आली, आणि मी दोन दिवस तिच्याकडे जाऊन बसले. नेटवर्कची देखभाल हे माझं रोजचं काम. तरीही मूळ कारण हाती लागायला दीड दिवस गेला. तो दीड दिवस इथे सविस्तर मांडते आहे, कारण हे कारण नेहमीच्या उपायांच्या यादीत सहसा नसतं, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक चांगले राउटर टाकून देतात.

मी पोचण्याआधी तिने बरंच करून पाहिलं होतं. राउटर बंद-चालू केला. वाय-फायचं नाव विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकला. लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घेतली. डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून गूगलचा ८.८.८.८ केला. शेवटी विंडोजचं 'नेटवर्क रीसेट' चालवलं.

यातलं काहीच वेडंवाकडं नाही. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपचं नेट दहा मिनिटं हात न लावल्यावर जात असेल तर वीज वाचवण्याची ती खूण काढणं हाच पहिला उपाय. पण नेटवर्क रीसेटबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. ते सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवतं आणि सेटिंग मुळावर आणतं. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर असेल तर ते पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि ओळखीचं घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' समजलं जाऊ शकतं. माझ्या बहिणीचं नेमकं तेच झालं होतं. नेट अडकायचं थांबलं नाहीच, वर घरातला दुसरा कॉम्प्युटर लॅपटॉपवर दिसेनासा झाला. म्हणजे आता तक्रारी दोन. रीसेट हा सगळ्यात शेवटी वापरायचा उपाय आहे, असं मी मनापासून सांगते.

"पण राउटर बंद-चालू केला की ठीक होतं गं," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "म्हणजे राउटरच खराब असणार ना?" तिचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे तेच फार उपयोगी पडलं.

नेमकं काय जातं?

"नेट गेलं" हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरलं जातं. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला हवेतला दुवा तुटतो किंवा अडखळतो. राउटरकडून लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, मिळत नाही. अशा वेळी विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं, आणि तो दिसला की दुखणं कुठे आहे ते कळतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस उत्तर देत नाही. किंवा घरातलं सगळं ठीक असतं, राउटरपासून बाहेर जाणारी लाइनच बंद असते. चारही वेळा पडद्यावर तेच गोल फिरत राहतं, उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा.

म्हणून मी कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावला, म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघत राहिले. दुसरीत ८.८.८.८ ला. पहिला पिंग घरातल्या घरात राहतो, दुसरा बाहेर जाऊन येतो. पहिला नीट आणि दुसरा अडकला तर दोष बाहेरच्या लाइनचा. दोन्ही नीट आणि साइट उघडत नाही, तर डीएनएसकडे बघायचं. पहिलाच अडकला तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, कारण दुखणं खोलीतच आहे.

एरवी राउटरकडून उत्तर तीन-चार मिलिसेकंदांत येत होतं. सकाळी ११ वाजून २१ मिनिटांनी ते आकडे उसळले. ४००, ९००, मग 'वेळ संपली', पुन्हा ६५०, पुन्हा 'वेळ संपली'. दुसऱ्या खिडकीतही अर्थातच तसंच. सहा-सात मिनिटांनी सगळं आपोआप पूर्ववत झालं. राउटरला आम्ही हातही लावला नव्हता.

इथे डीएनएस, पत्ता आणि बाहेरची लाइन असे तीन संशयित एकदम सुटले. उरला तो हवेतला दुवा.

त्या सहा-सात मिनिटांत मी आणखी एक आज्ञा चालवून पाहिली होती: नेटश, डब्ल्यूलॅन, शो इंटरफेसेस. लॅपटॉप कुठल्या चॅनलवर आहे, सिग्नल किती टक्के, डेटा घेण्याचा आणि पाठवण्याचा वेग किती, हे सगळं ती एका जागी दाखवते. सिग्नल ८२ टक्के होता, अडकण्याच्या आधीही आणि अडकलेलं असतानाही. पण घेण्याचा वेग १३० मेगाबिटवरून थेट १३ वर आला होता. सिग्नल तितकाच, वेग एक दशांश. या दोन ओळींकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

वही

बहिणीला मी एक काम दिलं. दर वेळी अडकलं की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, आपण काय करत होतो, आणि घरातलं दुसरं काय चालू होतं. ओव्हन, ब्लूटूथचा स्पीकर, काहीही. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वाय-फायच्या २.४ च्या पट्ट्यातच, चालतो आणि जुना असला तर वाय-फायला खरंच त्रास देतो, त्यामुळे तो पहिला संशयित. पण वहीत ओव्हन एकदाही आला नाही. आले ते वेळांचे आकडे: ११.२१, १२.२१, १.२२, २.२१.

बरोब्बर तासाने. इतकी शिस्त रस्त्यावरच्या किंवा शेजारच्या कशाला नसते. ही घड्याळ लावून चालणारी गोष्ट होती.

तासाभराच्या ठेक्याने होणारी दोन कामं राउटरमध्येही असू शकतात, आणि मी आधी तिकडेच गेले. राउटर त्याला जोडलेल्या सगळ्या उपकरणांना मिळून एक सामायिक किल्ली देतो आणि ठरावीक काळाने ती बदलतो. अनेक राउटरांमध्ये हा काळ ३,६०० सेकंदांचा, म्हणजे तासाचा असतो. ही अदलाबदल फसली तर उपकरण बाहेर फेकलं जातं. दुसरं काम आयपी पत्त्याच्या मुदतीचं, कारण राउटर तो ठरावीक काळापुरताच देतो. मुदत निम्मी सरली की लॅपटॉप नूतनीकरण मागतो, म्हणजे दोन तासांची मुदत असेल तर दर तासाला. आयपीकॉन्फिग या आज्ञेच्या सविस्तर यादीत पत्ता कधी मिळाला आणि कधी संपणार ते दिसतं. इथे मुदत २४ तासांची होती, तेव्हा ते बाद.

किल्लीचा प्रश्न सोडवायला विंडोजचा वाय-फाय अहवाल कामी आला. त्याच नेटशच्या आज्ञेत शेवटच्या 'इंटरफेसेस'च्या जागी 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' लिहून ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवली की मागच्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं आणि का, याचा तक्ता तयार होतो. ही सोय कितीतरी वर्षं विंडोजमध्ये आहे आणि फार कमी लोक ती वापरतात याचं मला वाईट वाटतं. अहवालात तीन दिवसांत तुटल्याच्या फक्त दोन नोंदी होत्या, आणि दोन्ही लॅपटॉप मिटून ठेवल्याच्या वेळच्या. म्हणजे जोडणी तुटतच नव्हती. किल्ली फसली असती तर दर तासाला तुटल्याची नोंद सापडली असती. लॅपटॉप राउटरला धरून होता, पण त्याला राउटरचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मग मी चॅनल तपासला, आणि इथे माझी अख्खी दुपार गेली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले चॅनल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत, आणि एका जोडणीला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच उरतात: १, ६ आणि ११. तिचा राउटर चॅनल ४ वर बसला होता, म्हणजे १ वरच्या आणि ६ वरच्या अशा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या गोंगाटात. मी त्याला ११ वर नेलं. एरवीचं नेट जरा सुधारलं, ते बदलणं योग्यच होतं. पण ४.२१ ला पिंगचे आकडे पुन्हा उसळले.

माउस

संध्याकाळी बहीण लॅपटॉपवर एक मजकूर तपासत होती. ५.२१ झाले. मी पिंगकडे बघत होते आणि ती वैतागून म्हणाली, "या माउसचा सेल परत संपला वाटतं."

"परत म्हणजे?"

"अगं, दोनदा बदललाय महिन्यात. बाण मध्येच अडखळतो, उड्या मारतो."

मी विचारलं, "आत्ता, या क्षणी अडखळतोय?" तो अडखळत होता. पाच-सात मिनिटांनी पिंग सुरळीत झाला आणि बाणही.

तो माउस बिनतारी होता, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला इवलासा डोंगल लावून चालणारा. असे डोंगल २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. वाय-फाय आणि माउस, एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन यंत्रं एकाच वेळी एकाच पट्ट्यात बहिरी होत होती. राउटर तर माउसला ओळखतही नाही. तेव्हा गोंगाट या टेबलावरच होता.

टेबलावर डाव्या हाताला, डोंगलच्या शेजारच्या पोर्टात, यूएसबी ३ चं एक हब होतं आणि त्याला बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली. "ही कधी आणलीस?" साधारण महिन्यापूर्वी. विंडोजच्या फाइल हिस्टरीला तिने ती जोडून दिली होती, आणि फाइल हिस्टरी मुळात दर तासाला बॅकअप घेते. दुभाष्याच्या कामाची ध्वनिमुद्रणं मोठमोठी असतात, त्यामुळे दर वेळी डिस्क काही मिनिटं धावायची.

संशय पक्का झाला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. बॅकअप चालू असताना लॅपटॉपच दमत असेल आणि म्हणून नेट अडकत असेल, असंही कुणी म्हणू शकलं असतं, आणि ते म्हणणं चुकीचं ठरवल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं. म्हणून आम्ही एकच मोठी फाइल तीन प्रकारे डिस्कवर कॉपी केली आणि दर वेळी राउटरला २०० पिंग पाठवले. पहिल्यांदा डिस्क नेहमीच्या जागी: पिंग गळत राहिले, माउस अडखळला. दुसऱ्यांदा डिस्क तीच, फाइल तीच, पण मध्ये एक यूएसबी २ ची जुनी जोडकेबल घातली: कॉपीला कितीतरी जास्त वेळ लागला, पिंग मात्र एकही हरवला नाही. तिसऱ्यांदा पुन्हा यूएसबी ३, फक्त डिस्क आणि हब हातभर लांब टेबलाच्या मागच्या कडेला सरकवले: अधूनमधून एखादा पिंग रेंगाळला, एवढंच.

दुसरी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉपीचं काम तसंच राहिलं आणि फक्त केबलमधला संवाद बदलला, तेव्हा दोष लॅपटॉपच्या दमण्याचा नाही हे सिद्ध झालं.

केबल वाय-फायला कशी बुडवते

यूएसबी ३.० मधून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने जातो. इतक्या वेगाने तारेत विद्युतदाब वर-खाली होतो तेव्हा त्यातून रेडिओ लहरीही बाहेर पडतात, आणि त्यांची ऊर्जा शून्यापासून जवळजवळ ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते. २.४ ते २.५ चा पट्टा नेमका त्याच्या पोटात येतो. गळती केबलमधून होते, पोर्टाच्या जोडापाशी होते आणि डिस्कच्या आतल्या भागातूनही होते. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, त्यामुळे त्याचा त्रास या पट्ट्यात जाणवत नाही. इंटेलने २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झमधला पायाभूत गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने वाढल्याचं त्यात मोजून दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. आणि हा गोंगाट वाय-फायच्याच पट्ट्यात पडत असल्यामुळे कार्डाला तो गाळूनही टाकता येत नाही.

आता ते ८२ टक्के. विंडोज ही टक्केवारी सिग्नलच्या जोरावरून काढतं: उणे ५० डीबीएम (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) म्हणजे शंभर टक्के, उणे १०० म्हणजे शून्य. त्या हिशोबाने ८२ टक्के म्हणजे उणे ५९, चांगला दणदणीत सिग्नल. पण यात गोंगाटाचा विचारच नाही. समोरचा माणूस खणखणीत आवाजात बोलतोय एवढंच त्या रेघा सांगतात. आपल्या कानाशी कुणी ढोल वाजवतंय हे त्यांना कळत नाही. समजून घेण्यापुरता हिशोब करायचा तर गोंगाट उणे ९५ असताना सिग्नल त्याच्या ३६ डेसिबल वर असतो. गोंगाट २० ने चढला की उरतात १६, आणि तेवढ्यात वाय-फायला सगळ्यात खालच्या काही वेगांवर उतरावं लागतं. त्यातही शेजाऱ्यांची रहदारी आहेच.

बहिणीची तक्रार नेहमी "मला ऐकू येत नाही" अशीच का असायची, तेही इथे उलगडलं. बैठकीतल्या इतरांना ती बहुतेक वेळा नीट दिसायची, ऐकू यायची. ढोल तिच्या लॅपटॉपच्या कानाशी होता, राउटरच्या नाही. तिचं बोलणं राउटरपर्यंत पोचत होतं. राउटरचं तिच्यापर्यंत येत नव्हतं.

आणि राउटर बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं त्याचं कारण तर फारच साधं निघालं. राउटर बंद करणं, तो पूर्ण सुरू होईपर्यंत थांबणं, लॅपटॉप पुन्हा जोडणं, बैठकीत परत शिरणं, यात पाच-सहा मिनिटं जायची. तेवढ्यात बॅकअप संपलेला असायचा. दर वेळी उपाय लागू पडल्यासारखा दिसायचा आणि दर वेळी खापर राउटरवर फुटायचं. नवा राउटर आणायचं तिचं जवळजवळ ठरलं होतं. आणला असता आणि तास भरला असता की पुन्हा तेच झालं असतं.

एका बाबतीत मीही आधी चुकीचा आधार धरला होता. तिचा फोन त्याच टेबलावर उत्तम चालायचा, म्हणून मी राउटरला निर्दोष मानून पुढे गेले. नंतर पाहिलं तर फोन ५ गिगाहर्ट्झवर होता आणि लॅपटॉप २.४ वर. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेलं, त्यामुळे कोण कुठे आहे ते वरवर कळत नव्हतं. फोनशी तुलना करायची तर दोघं एकाच पट्ट्यात असायला हवेत.

काय बदललं

दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली आणि लॅपटॉप ५ वाल्यावर नेला. त्या खोलीपर्यंत मध्ये भिंती आहेत आणि ५ गिगाहर्ट्झला भिंतींचा जास्त त्रास होतो, त्यामुळे सिग्नल ५८ टक्क्यांवर आला. एक रेघ कमी झालेली बघून बहिणीचा चेहरा पडला. मी तिला बॅकअप हाताने सुरू करायला लावला आणि पिंग दाखवला: पाच, चार, सहा, पाच. कमी रेघांचं नेट जास्त पक्कं होतं. यूएसबी ३ चा गोंगाट ५ गिगाहर्ट्झकडे जाताना ओसरत जातो, आणि तिथे शेजारीही कमी होते.

डिस्क आणि हब टेबलाच्या मागच्या कडेला गेले, चांगल्या आवरणाच्या केबलवर. माउसचा डोंगल छोट्या जोडकेबलने उजवीकडे आणला. त्याला ५ गिगाहर्ट्झचा पर्याय नसतो, म्हणून त्याच्यासाठी अंतर हाच उपाय. डीएनएस पूर्वीसारखा केला, घरचं नेटवर्क पुन्हा 'खाजगी' केलं, तेव्हा दुसरा कॉम्प्युटरही दिसायला लागला. बॅकअप दर तासालाच ठेवला. तिच्या कामाला तो हवाच आहे.

तीन आठवडे वहीत काहीच नोंद नव्हती. मग एका दुपारी तिचा निरोप आला:

"२.०८. नेट गेलं. फोनचंही गेलं. ५ वालं नाव यादीतूनच गायब आहे, २.४ वालं दिसतंय. डिस्क बंद आहे. माउस ठीक."

दुसऱ्या मिनिटाला: "आलं परत. नाव पण आलं."

या वेळी मला जावं लागलं नाही. एवढ्या नोंदीवरून कळत होतं की लॅपटॉपचा संबंध नाही, राउटरनेच ५ चा पट्टा मिनिटभर बंद केला होता. ५ गिगाहर्ट्झमधल्या मधल्या चॅनलांवर रडारही चालतात, आणि तसा संकेत जाणवला की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो. नवा चॅनलही तशाच गटातला निवडला तर बोलण्याआधी त्याला साधारण मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. मी तिला राउटरच्या पानावर चॅनल बघायला सांगितलं. 'आपोआप' लिहिलेलं होतं आणि पुढे १००. तिने तो ४४ केला. ३६ ते ४८ या चॅनलांना रडारची ही अट नाही.

तिने वहीत '२.०८' च्या पुढे '४४ केला' असं लिहिलं आणि अडीचच्या बैठकीला बसली.